खासगी कोड रेपो वापरताना: परवानग्या, डिप्लॉय की, सीआय, फोर्क, बॅकअप

मुळामुठा (धागालेखक)

जानेवारी २०१९ मध्ये गिटहबने (गिट या कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर चालणारी ऑनलाइन सेवा) फुकट खात्यांना हवे तितके खासगी रेपो (कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवायची जागा) दिले, पण एका रेपोत जास्तीत जास्त तीन सहकारी अशी अट होती. एप्रिल २०२० मध्ये तीही गेली. आता चार-सहा जणांची टीमसुद्धा पहिल्या दिवसापासून खासगी रेपोवर काम करते, आणि "खासगी आहे ना, मग झालं" म्हणून त्यात काहीही ठेवते. 'खासगी' याचा अर्थ एवढाच, की परवानगी असलेल्यालाच रेपो दिसतो. परवानगी कोणत्या माणसाला, कोणत्या की-ला (यंत्राची ओळख पटवणारी किल्ली), कोणत्या टोकनला (पासवर्डऐवजी चालणारी अक्षरमाळ) आणि कोणत्या अ‍ॅपला दिली आहे याची यादी करायला बसलं की ती चांगलीच लांब निघते. धागा त्या यादीबद्दल आहे.

उबरचं प्रकरण माहीत असेलच. २०१६ मध्ये हल्लेखोर त्यांच्या इंजिनिअरांच्या खासगी गिटहब रेपोत शिरले. कोडमध्ये अ‍ॅमेझॉन क्लाउडची अ‍ॅक्सेस की पडलेली होती. ती वापरून ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती उचलली गेली. नुसता कोड गेला असता तर प्रकरण फार लहान राहिलं असतं.

सुरुवात खात्यापासून. रेपो कुणाच्या वैयक्तिक खात्यावर ठेवू नका, ऑर्गनायझेशन (टीमचं सामायिक खातं) काढा. तीही फुकट निघते. वैयक्तिक खात्यावरच्या रेपोत दोनच दर्जे असतात, मालक आणि कोलॅबरेटर. कोलॅबरेटरला थेट लिहिण्याचा हक्क मिळतो, 'फक्त वाचा' असा दर्जाच तिथे नाही. ऑर्गनायझेशनमध्ये रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन आणि अ‍ॅडमिन असे पाच दर्जे आहेत. ती काढल्याबरोबर सेटिंग्जमध्ये 'बेस परमिशन' बघा. न बदलता सोडली तर ती 'रीड' असते, म्हणजे आज आलेल्या इंटर्नलाही सगळे खासगी रेपो वाचता येतात. ती 'नो परमिशन' करा आणि टीम बनवून रेपोगणिक हक्क द्या. मालक दोघे ठेवा. एकच असेल आणि त्याचा फोन हरवला, रिकव्हरी कोडही सापडेनात, तर सगळ्यांचंच काम अडतं.

फुकट प्लॅनमधली मेख: खासगी रेपोवर ब्रँच प्रोटेक्शन (कोडच्या ठरावीक शाखेवर कुणी परस्पर बदल करू नये अशी सोय) मिळत नाही. त्यासाठी टीम प्लॅन, माणशी महिना ४ डॉलर. गिटलॅब या गिटहबसारख्याच सेवेच्या फुकट प्लॅनमध्ये प्रोटेक्टेड ब्रँच मिळते, पण खासगी ग्रुपमध्ये पाचच जण. बिटबकेटही फुकटात पाच जणांपुरतंच. पाचाहून मोठ्या टीमला फुकटात राहायचं असेल तर मेनवर (मुख्य ब्रँचवर) कुणी फोर्स पुश (आपले बदल वर पाठवताना तिथला इतिहास खोडणं) करणार नाही हे निव्वळ शब्दावर चालतं.

(कमांड देवनागरीत लिहिल्या तरी टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टंकायच्या.)

चिवडा

वाचनखूण साठवली. एक अडचण: एकाच व्हीपीएसवर (भाड्याचा सर्व्हर) दोन खासगी रेपो पुल करायचे (उतरवून घ्यायचे) आहेत. पहिल्याची डिप्लॉय की (सर्व्हरला रेपोत प्रवेश देणारी की) चालते. तीच दुसऱ्या रेपोला लावली की "की इज ऑलरेडी इन यूज". दुसरी की बनवून लावली तर क्लोन करताना (रेपोची पूर्ण प्रत उतरवताना) "रिपॉझिटरी नॉट फाउंड". ब्राउझरमध्ये रेपो समोर दिसतोय. काय चुकतंय?

रात्रपाळी

@चिवडा, दोन्ही गोष्टी ठरवूनच तशा आहेत.

एक डिप्लॉय की एकाच रेपोला लागते, म्हणून दुसऱ्यासाठी वेगळी बनवावीच लागते. आणि परवानगी नसेल तेव्हा गिटहब "परवानगी नाही" असं सांगत नाही, "सापडला नाही" म्हणतं. तसं सांगितलं असतं तर या नावाचा खासगी रेपो अस्तित्वात आहे हे बाहेरच्याला कळलं असतं. त्यामुळे नॉट फाउंड आलं की नावाचं स्पेलिंग एकदा बघा, मग सरळ की तपासा.

इथे झालंय असं: एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्राम) दोन्ही की एकामागून एक पुढे करतं. गिटहब पहिली ओळखीची की स्वीकारतं आणि तिथेच थांबतं. ती पहिल्या रेपोची, म्हणून दुसरा 'सापडत नाही'. उपाय म्हणजे एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक रेपोसाठी वेगळं टोपणनाव (समजा एका रेपोचं नाव बिलिंग):

होस्ट गिटहब-बिलिंग
होस्टनेम गिटहब.कॉम
युजर गिट
आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/बिलिंग
आयडेंटिटीजओन्ली येस

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच विसरली जाते. ती नसेल तर एसएसएच एजंटमधल्या (की लक्षात ठेवणारा प्रोग्राम) बाकीच्या की आधी पुढे जातात. मग क्लोन करताना पत्त्यात गिटहब.कॉमच्या जागी गिटहब-बिलिंग लिहायचं. आधीच क्लोन केलेलं असेल तर 'गिट रिमोट सेट-यूआरएल'ने पत्ता बदलायचा. तपासण्यासाठी 'एसएसएच -टी गिट@गिटहब-बिलिंग' चालवा. डिप्लॉय की असेल तर उत्तरात माणसाचं नाही, रेपोचं नाव येतं. कोणती की कुठे लागतेय ते लगेच कळतं.

अजून तीन ठिकाणी लोक अडकतात.

'सुडो गिट पुल' केलं की रूटच्या (सर्वाधिकार असलेला युजर) होम फोल्डरमधली की शोधली जाते, तुमच्या नव्हे. क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) चालवतानाही कोणता युजर आहे ते बघा.

गिट २.३५.२ पासून (एप्रिल २०२२) फोल्डरचा मालक आणि कमांड चालवणारा वेगळे असतील तर गिट "ड्युबियस ओनरशिप" म्हणून काम नाकारतं. ऑनलाइन सगळीकडे सेफ-डिरेक्टरी या सेटिंगला तारा (*) लावण्याचा उपाय दिलेला असतो. तो तपासणीच बंद करून टाकतो. फोल्डरची मालकी नीट करा.

२४ मार्च २०२३ ला गिटहबने आपली आरएसए होस्ट की (समोरचा सर्व्हर खरा आहे हे पटवणारी की) बदलली, कारण तिचा खासगी भाग (की-चे दोन भाग असतात: गुप्त ठेवायचा खासगी आणि उघड देता येणारा सार्वजनिक) थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत दिसत होता. जुन्या सर्व्हरवर अजून त्यामुळे धोक्याची मोठी सूचना येऊ शकते. नोन-होस्ट्समधली (ओळखीच्या सर्व्हरांची यादी) जुनी नोंद काढा, गिटहबने छापलेला फिंगरप्रिंट (की-चा छोटा ओळखांक) ताडून नवी घ्या. 'स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग नो' करून पुढे जाऊ नका.

डिप्लॉय की लावताना 'अलाव राइट अ‍ॅक्सेस'वर टिक करू नका. सर्व्हरला पुश करायचं काही कारण नसतं.

मुळामुठा

रात्रपाळी, उत्तम. त्यात एक भर: डिप्लॉय की माणसाशी बांधलेली नसते. ज्याने ती लावली तो नोकरी सोडून गेला, त्याला ऑर्गनायझेशनमधून काढलं, तरी ती चालूच राहते. सर्व्हरच्या दृष्टीने हे बरं. पण त्या की-चा खासगी भाग त्याच्या लॅपटॉपवर तयार झाला असेल तर त्याच्याकडे रेपोचा रस्ता उरतो. म्हणून की सर्व्हरवरच बनवा आणि फक्त सार्वजनिक भाग तिथून बाहेर न्या.

तर्कटराव

उबरचं उदाहरण देऊन घाबरवणं सोपं आहे. चार जणांची टीम, सगळे एकमेकांना ओळखतात, रेपो खासगी, सगळ्यांना टू-फॅक्टर. अशा वेळी .ईएनव्ही फाइल (पासवर्ड, की अशी गुपितं असलेली) रेपोत ठेवली तर नेमकं काय बिघडतं? ठेवली नाही तर तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, पेनड्राइव्हवर फिरते, आणि प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती असते. ते जास्त सुरक्षित आहे का?

अर्धविराम

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल शंभर टक्के सहमत, ते वाईटच. पण 'चार जण' हे गणित चुकीचं आहे. रेपो वाचू शकणारे चार जण नाहीत. चार जणांचे लॅपटॉप, त्यांची टोकनं, सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणारी सेवा), जोडलेली सगळी अ‍ॅप्स आणि बॅकअप हे सगळे वाचक आहेत. एप्रिल २०२२ मध्ये हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या सेवांना दिलेली ओऑथ टोकनं (खातेदाराच्या वतीने प्रवेश देणारी) चोरीला गेली आणि त्यांच्या जोरावर डझनावारी संस्थांचे खासगी रेपो उतरवले गेले. त्यासाठी त्या संस्थांचा पासवर्ड किंवा टू-फॅक्टर फोडावं लागलं नाही.

दुसरं, गिटमध्ये फाइल पुसली म्हणजे पुसली जात नाही. आज ठेवलेली की पुढच्या वर्षी काढली तरी प्रत्येक क्लोनच्या इतिहासात राहते. उद्या एक फ्रीलान्सर दोन आठवड्यांसाठी आला, त्याला फक्त सीएसएस बघायचं आहे, तरी तो सगळा इतिहास घरी घेऊन जातो. गिटमध्ये फोल्डरनिहाय वाचनबंदी नाही.

तुमचा मुद्दा खरं तर "मग ठेवायची कुठे" हा आहे. छोट्या टीमसाठी सॉप्स आणि एज ही एनक्रिप्ट करणाऱ्या साधनांची जोडी बघा. यामल किंवा जेसन या प्रकारच्या फाइलमध्ये नाव आणि त्यापुढे त्याची व्हॅल्यू असते; सॉप्स फक्त व्हॅल्यू एनक्रिप्ट करतं, नावं तशीच ठेवतं. त्यामुळे फाइल रेपोतच राहते, डिफमध्ये (दोन आवृत्त्यांतला फरक) कोणत्या नावाची व्हॅल्यू बदलली ते दिसतं, आवृत्तीचा घोळ होत नाही. प्रत्येक माणसाची एक एज की, सर्व्हरची एक. सार्वजनिक भाग .सॉप्स.यामलमध्ये लिहायचे.

पथ्य एकच: कुणी टीम सोडली की त्याची की यादीतून काढून 'अपडेटकीज' चालवलं म्हणजे भागलं असं नाही. जुनी कमिट (इतिहासात नोंदलेला बदल) त्याच्या की-ने अजून उघडते. डेटाबेसचा पासवर्ड आणि पेमेंट गेटवेचं सीक्रेट खरोखर बदलावंच लागतं.

तर्कटराव

सॉप्स मान्य. वाचकांची यादी चारावर थांबत नाही हेही मान्य. माझा राग 'सीक्रेट मॅनेजर विकत घ्या' या सल्ल्यावर होता. तो दोन जणांच्या दुकानाला देणं म्हणजे थट्टाच.

ठोकताळा

आणि एखादी की रेपोत आधीच पडलेली असेल तर? इतिहास साफ करण्याची खात्रीची पद्धत कुणी क्रमाने लिहील का? 'फिल्टर-ब्रँच' ही गिटची कमांड वापरा असं जुन्या लेखांत असतं.

अर्धविराम

फिल्टर-ब्रँच नको. गिटचं स्वतःचं दस्तऐवजच ते टाळायला सांगतं. संथ आहे आणि चुकीचे परिणाम सहज देतं. 'गिट फिल्टर-रेपो' वापरा.

पण सफाईच्या आधी की बदला. इतिहास साफ होईपर्यंत जुनी की जिवंत ठेवणं उलटं आहे. अ‍ॅमेझॉनवर एका आयएएम युजरला एकाच वेळी दोन अ‍ॅक्सेस की ठेवता येतात, त्या यासाठीच. दुसरी तयार करा, सगळीकडे लावा, पहिली 'इनअ‍ॅक्टिव्ह' करा, 'लास्ट यूज्ड' बघा, काही अडत नाही अशी खात्री झाली की काढून टाका. सरळ डिलीट केलीत आणि कुठल्यातरी क्रॉनमध्ये ती राहिली असेल तर रात्रीचा जॉब पडतो आणि की परत आणता येत नाही. चोरी झाल्याची खूण दिसत असेल तर मात्र हा सावकाशपणा नको, लगेच बंद.

मग सफाई. आधी सगळ्यांना उघड्या ब्रँच पुश करायला सांगा आणि काम थांबवा. ताजं क्लोन घ्या. फिल्टर-रेपो जुन्या क्लोनवर चालायला मुद्दाम नकार देतं, '--फोर्स' लावून ते दडपू नका. एका साध्या मजकूर फाइलमध्ये दर ओळीला एक सीक्रेट, पुढे '==>' आणि त्याजागी हवा असलेला शब्द लिहा. '--रिप्लेस-टेक्स्ट'ला ती फाइल द्या. सबंध फाइलच उडवायची असेल तर '--पाथ' बरोबर '--इनव्हर्ट-पाथ्स'. काम झाल्यावर ओरिजिन रिमोट गायब झालेला दिसेल. घाबरू नका, चुकून पुश होऊ नये म्हणून तो काढला जातो. परत जोडा आणि सगळ्या ब्रँच व टॅग (आवृत्तीच्या खुणा) फोर्स पुश करा.

इथवर बहुतेक लेख थांबतात, पण काम राहिलेलं असतं. गिटहबवर प्रत्येक पुल रिक्वेस्टचा (बदल मुख्य कोडात घेण्याची विनंती) स्वतःचा संदर्भ असतो आणि तो तुम्हाला पुश करून बदलता येत नाही. जुनी कमिट त्यात टिकते, हॅश (कमिटचा ओळखांक) माहीत असणाऱ्याला वेबवर दिसते. तो संदर्भ आणि कॅश काढण्यासाठी गिटहब सपोर्टला लिहावं लागतं.

शेवटी प्रत्येकाने जुनं क्लोन फेकून नवीन घ्यायचं. एकाने जरी जुन्या क्लोनवरून मर्ज करून पुश केलं तर सगळा जुना इतिहास परत येतो, आणि या वेळी दोन-दोन प्रतींत.

ठोकताळा

आभार. मग पुन्हा पडू नये म्हणून: गिटहबचं स्वतःचं सीक्रेट स्कॅनिंग (कोडमध्ये पडलेली गुपितं शोधणं) सार्वजनिक रेपोला फुकट आहे, खासगीला नाही. एप्रिल २०२५ पासून ते टीम प्लॅनवर वेगळं विकत मिळतं, दर सक्रिय कमिटरमागे महिना १९ डॉलर. ते परवडत नसेल तर गिटलीक्स हे तेच काम करणारं साधन पुरेसं आहे. प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणारी पायरी) लावा, आणि सीआयमध्येही लावा, कारण हुक '--नो-व्हेरिफाय' लिहून कुणीही टाळतो. सीआयमध्ये लावताना चेकआउटची (सीआयने रेपो उतरवण्याची पायरी) 'फेच-डेप्थ' ० करा. नुसतं सोडलं तर ती १ असते, म्हणजे एकच कमिट उतरते आणि गिटलीक्स तेवढंच तपासून हिरवी खूण देतं.

.गिटइग्नोरबद्दलचा गैरसमजही फार दिसतो. आधीच ट्रॅक होत असलेली फाइल त्यात लिहून काही होत नाही. आधी 'गिट आरएम --कॅश्ड', मग इग्नोर.

कोकणकडा

सर्व्हरवर 'गिट पुल' करून साइट चालवणाऱ्यांनी आत्ता हा धागा बाजूला ठेवून एक गोष्ट तपासावी. ब्राउझरमध्ये आपल्या साइटच्या पत्त्यापुढे '/.गिट/हेड' लिहा (हेड कॅपिटलमध्ये). "रेफ: रेफ्स/हेड्स/मेन" अशी ओळ दिसली किंवा फाइल डाउनलोड झाली, तर तुमचा खासगी रेपो जगाला खुला आहे. .गिट फोल्डरमधल्या फाइली एकेक उतरवून संपूर्ण कोड परत जुळवणारी तयार साधनं आहेत. डिरेक्टरी लिस्टिंग बंद असलं तरी ती चालतात.

त्यात क्लोन करताना टोकन पत्त्यातच घातलं असेल, तर ते .गिटमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये जसंच्या तसं लिहिलेलं असतं. म्हणजे कोडबरोबर टोकनही गेलं. ते 'क्लासिक' टोकन असेल आणि त्याला 'रेपो' स्कोप असेल, तर त्या माणसाला दिसणारे सगळेच खासगी रेपो गेले, वाचायला आणि लिहायलाही.

दुरुस्ती: वेब रूट (साइट म्हणून जगाला दिसणारा फोल्डर) रेपोच्या मुळाशी ठेवू नका, आतल्या 'पब्लिक' फोल्डरकडे वळवा. त्याखेरीज एनजिनएक्समध्ये (वेब सर्व्हर) टिंबाने सुरू होणाऱ्या सगळ्या मार्गांना ४०४ ('सापडलं नाही') द्या, फक्त .वेल-नोन सोडून. तो अडवलात तर लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र नव्याने निघणार नाही आणि काही आठवड्यांनी साइट बंद पडेल.

टोकन लागणारच असेल तर फाइन-ग्रेन्ड घ्या. त्यात रेपो निवडता येतात, हक्क तुटक देता येतात, मुदत घालता येते.

डॉकरमध्ये (प्रोग्राम सगळ्या साहित्यासह एका इमेजमध्ये बांधणारं साधन) हाच प्रकार वेगळ्या वेषात येतो. इमेज बांधताना खासगी रेपो क्लोन करायचा म्हणून टोकन 'आर्ग'मधून दिलं जातं. नंतर ते पुसलं तरी 'डॉकर हिस्टरी'मध्ये वाचता येतं. इमेज बांधणाऱ्या बिल्डकिटचं सीक्रेट किंवा एसएसएच माउंट वापरा. ते त्या एका पायरीपुरतंच दिसतं, थरात उरत नाही.

चिवडा

वरची टोपणनावाची युक्ती चालली. आयडेंटिटीजओन्ली हेच राहिलं होतं.

पुढचा प्रश्न: दोन्ही रेपो एक तिसरा खासगी रेपो सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून वापरतात. लॅपटॉपवर चालतं, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबचं सीआय) पुन्हा तेच नॉट फाउंड.

रात्रपाळी

अ‍ॅक्शन्समध्ये आपोआप मिळणारं टोकन ज्या रेपोत वर्कफ्लो (सीआयला नेमून दिलेलं काम) चालू आहे त्याच रेपोपुरतं असतं. शेजारचा खासगी रेपो त्याला दिसत नाही. दोन रस्ते. पहिला, तिसऱ्या रेपोला वाचनापुरती डिप्लॉय की लावून तिचा खासगी भाग या दोन्ही रेपोंच्या सीक्रेट्समध्ये ठेवणे. दोन रेपोंना हे सोपं. दुसरा, ऑर्गनायझेशनचं स्वतःचं गिटहब अ‍ॅप काढून त्याचं टोकन वर्कफ्लोत मिळवणे. ते तासाभरात मरतं, म्हणून फुटलं तरी नुकसान मर्यादित. सबमॉड्यूल चार-पाच झाले की दुसराच रस्ता धरा. कुणा एकाचं वैयक्तिक टोकन तिथे डकवू नका. तो माणूस ज्या दिवशी जातो त्या दिवशी सगळे बिल्ड लाल होतात.

सबमॉड्यूलचा पत्ता .गिटमॉड्यूल्समध्ये सापेक्ष लिहा, म्हणजे '../सामायिक.गिट' असा. मग एचटीटीपीएस आणि एसएसएच दोन्हीकडे तोच चालतो.

सीआयमधल्या सीक्रेट्सबद्दल: लॉगमध्ये तारका दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. तंतोतंत तोच मजकूर असेल तरच झाकला जातो. कुठल्या स्क्रिप्टने बेस६४ करून (वेगळ्या अक्षरांत मांडून) छापला तर उघडा पडतो. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-अ‍ॅक्शन्स चेंज्ड-फाइल्स' या २३,००० हून जास्त रेपो वापरत असलेल्या अ‍ॅक्शनमध्ये असाच कोड घुसवला गेला होता, सीक्रेट्स लॉगमध्ये ओतणारा. जुने व्हर्जन टॅगही त्या वाईट कमिटकडे वळवले होते, म्हणून 'व्ही३५' लिहिणारेही वाचले नाहीत. वाचले ते ४० अक्षरी पूर्ण कमिट हॅश लिहिणारे. खासगी रेपोत लॉग जगाला दिसत नाही एवढाच दिलासा. बाहेरच्या अ‍ॅक्शन हॅशने बांधा.

सदाशिव_पेठी

सबमॉड्यूल हा प्रकारच मला पसंत नाही, पॅकेज करा. मात्र तिथे वेगळा खड्डा आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिर्सान या संशोधकाने दाखवून दिलं, की कंपनीच्या आतल्या पॅकेजचं नाव कळलं तर त्याच नावाचं, मोठ्या आवृत्तीचं पॅकेज सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकून ते कंपनीच्या मशीनवर चालवता येतं. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांच्यासह ३५ हून जास्त कंपन्यांत ते चाललं. पिपमध्ये (पायथनची पॅकेजं आणणारं साधन) कारण सरळ आहे: '--एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल' दिलं की पिप दोन्ही ठिकाणी बघतं आणि मोठी आवृत्ती उचलतं, तुमची आधी असा क्रम नसतो. एकच '--इंडेक्स-यूआरएल' द्या, तो तुमच्या मधल्या रजिस्ट्रीचा, आणि बाहेरची पॅकेजं तिच्यातूनच येऊ द्या. एनपीएममध्ये (जावास्क्रिप्टसाठी तेच) स्कोप (पॅकेजच्या नावापुढचं संस्थेचं नाव) वापरा आणि सार्वजनिक एनपीएमवर तो स्कोप आपल्या नावे आधी घेऊन ठेवा.

गो ही भाषा वापरणाऱ्यांसाठी: 'गोप्रायव्हेट' हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल ऑर्गनायझेशनच्या पत्त्यासाठी लावा. नाही लावलं तर गो आधी गूगलच्या प्रॉक्सीकडे आणि चेकसम डेटाबेसकडे विचारायला जातं. तिथून ४०४ किंवा ४१० येतं, बिल्ड पडतो, आणि खासगी मॉड्यूलचं नाव बाहेर जातं ते वेगळंच.

ठोकताळा

फोर्कबद्दल (दुसऱ्याने गिटहबवरच काढलेली रेपोची प्रत) कुणीच बोललं नाही. खासगी रेपो पुढे ओपन सोर्स करायचा असेल तर?

अर्धविराम

फोर्क आणि मूळ रेपो यांची आतली साठवण गिटहबवर सामायिक असते. परिणाम असे:

खासगी मूळ रेपो डिलीट केला की त्याचे खासगी फोर्कही डिलीट होतात. एखाद्याचा हक्क काढला की त्याचा खासगी फोर्कही जातो. अर्थात त्याच्या लॅपटॉपवरचं क्लोन राहतंच, ते कुणीच काढू शकत नाही. सार्वजनिक रेपो खासगी केला तर आधीचे सार्वजनिक फोर्क सार्वजनिकच राहतात; "चुकून पब्लिक झाला होता, लगेच प्रायव्हेट केला" याला म्हणून फारसा अर्थ नाही. आणि सगळ्यात अनपेक्षित प्रकार: खासगी रेपो सार्वजनिक केला तर तोवर त्याच्या खासगी फोर्कमध्ये झालेल्या कमिटही हॅश देऊन सार्वजनिक रेपोतून उघडता येतात. फोर्क खासगी ठेवला तरी. पूर्ण हॅशही लागत नाही, सुरुवातीची काही अक्षरं पुरतात, म्हणून ती अंदाजाने शोधता येतात.

रेपो सार्वजनिक केला की जुन्या अ‍ॅक्शन्सचे लॉगही सार्वजनिक होतात. जुने इश्यू (तक्रारी आणि कामांच्या नोंदी), त्यातली ग्राहकांची नावं, शेरे, कमिटमधले सगळ्यांचे ईमेल हेही. तेव्हा ओपन सोर्स करायचं असेल तर जुना रेपो उघडू नका. नवा रिकामा रेपो काढा, आजचा कोड एकाच पहिल्या कमिटमध्ये टाका, जुना खासगीच राहू द्या. इतिहास गमावल्याची हळहळ वाटते, पण इतिहास तपासून साफ करण्याचं काम त्याहून कितीतरी मोठं आहे.

कोकणकडा

कायद्याची एक बाजू, कारण पुण्या-मुंबईत फ्रीलान्सरकडून काम करून घेणाऱ्या छोट्या कंपन्या बऱ्याच आहेत. रेपो कुणाच्या ऑर्गनायझेशनमध्ये आहे यावरून कोडची मालकी ठरत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीत धरले जातात. कलम १७(सी) प्रमाणे नोकरीच्या करारात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारी कंपनी. फ्रीलान्सर नोकर नसतो, त्यामुळे पहिला मालक तोच, पैसे दिलेले असले तरी. हक्क घ्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचं हस्तांतर लागतं. त्यातही मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरलं जातं. परदेशी ग्राहकासाठी काम असेल तर हे दोन शब्द करारात नसणं महागात पडतं. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

व्यवहारात: पहिली कमिट तुमच्या ऑर्गनायझेशनमध्येच होऊ द्या. "झालं की ट्रान्सफर करतो" यावर विसंबू नका. बाहेरच्या माणसाला 'आउटसाइड कोलॅबरेटर' म्हणून त्या एकाच रेपोवर घ्या. पैशाच्या प्लॅनवर खासगी रेपोसाठी त्याचीही एक जागा मोजली जाते.

तर्कटराव

बॅकअपचं काय? "गिट आहे, प्रत्येक क्लोन म्हणजे बॅकअप" हे वाक्य कुणी लिहिण्याआधी विचारतो.

सदाशिव_पेठी

साधं क्लोन बॅकअप नव्हे; त्यात तुमच्याकडची चालू ब्रँच आणि रिमोटच्या ब्रँचच्या शेवटच्या फेचपर्यंतच्या नोंदी असतात. '--मिरर' लावून क्लोन करा, मग सगळे संदर्भ येतात. पण रोज रात्री 'रिमोट अपडेट --प्रून' चालवणारा मिररही बॅकअप नव्हे. कुणी दुपारी ब्रँच उडवली तर रात्री मिररमधूनही ती उडते. म्हणून मिररवरून तारीखवार 'गिट बंडल क्रिएट' करा, '--ऑल' लावून. सगळा रेपो एका फाइलमध्ये येतो, ती कुठेही ठेवता येते, आणि तिच्यावरून थेट क्लोन करता येतं. 'गिट बंडल व्हेरिफाय' चालवाच, आणि महिन्यातून एकदा त्यावरून क्लोन करून प्रकल्प बिल्ड होतो का ते बघा.

यात न येणाऱ्या गोष्टी: एलएफएसमधल्या मोठ्या फाइली (त्यासाठी 'गिट एलएफएस फेच --ऑल' वेगळं), विकी (तो स्वतंत्र रेपो असतो, नावापुढे .विकी), आणि इश्यू, पुल रिक्वेस्टवरची चर्चा, सीआयची सीक्रेट्स. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब.कॉमवर चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला तेव्हा रेपो शाबूत राहिले. गेले ते सहाएक तासांतले इश्यू, मर्ज रिक्वेस्ट (पुल रिक्वेस्टचं गिटलॅबमधलं नाव) आणि शेरे. ते एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागण्याचा मार्ग) जेसन म्हणून उतरवून ठेवावे लागतात. सीक्रेट्स तर एपीआयमधूनही वाचता येत नाहीत, त्यांची मूळ प्रत तुमच्याचकडे हवी.

बॅकअपची प्रत दुसऱ्या खात्यावर ठेवा. कोड स्पेसेस या कोड-होस्टिंग कंपनीच्या अ‍ॅमेझॉन खात्यात जून २०१४ मध्ये कुणीतरी शिरलं आणि डेटाबरोबर बॅकअपही पुसून गेलं, कारण दोन्ही एकाच खात्यात होते. कंपनी त्यानंतर बंदच झाली.

चिवडा

बंडल फाइल एनक्रिप्ट करून ठेवायची का? खासगी रेपोच आहे शेवटी.

सदाशिव_पेठी

हो. बंडल म्हणजे साठवलेला कोड उघडाच असतो. वर अर्धविरामने सांगितलेलं एजच वापरा, बंडलसाठी वेगळी की काढून. ती की बॅकअप घेणाऱ्या मशीनवर ठेवायची नाही; एनक्रिप्ट करायला तिचा सार्वजनिक भाग पुरतो. खासगी भाग दोन मालकांच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये.